काळ, काम आणि मोल

शाळेत काळ-काम-वेगाची उदाहरणे सोडवली नाहीत असा शिकलेला मराठी माणूस सापडणे कठीण. दहा मजूर एक भिंत सहा दिवसांत बांधतात, तर पंधरा मजूर तीच भिंत किती दिवसांत बांधतील? उत्तर, चार. हे उदाहरण मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे आणि मुले ते बिनचूक सोडवीत आली आहेत. एकदा मात्र मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, मग पहिल्या दहा जणांचा दोन दिवसांचा रोज बुडाला ना?” त्याचे वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात. वर्ग हसला; पण प्रश्न हसण्याजोगा नव्हता. गणिताच्या पुस्तकात काळ असतो, काम असते, वेगही असतो. मोल मात्र कोठे नसते. भिंत दोन दिवस आधी उभी राहिली याचा आनंद घरमालकाला होणारच. ज्याचा सहा दिवसांचा रोज चार दिवसांवर आला, त्याला तो आनंद कोठून होणार?

आता वाढलेल्या पाच मजुरांच्या जागी एखादे यंत्र घाला. उदाहरण तेच राहते. फक्त ते पुस्तकातून उठून आपल्या घरात येते. यंत्र वेळ वाचवते, श्रम वाचवते, असे आपण सारेच म्हणतो आणि ते खरेही आहे. परंतु वाचलेली वस्तू कोणाच्या तरी पदरात पडतेच. घरखर्चातून चार रुपये वाचले तर ते कोणाच्या डब्यात गेले याची चौकशी होते. वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. या दिवाळीत ती करावी असे मला वाटते. दिवाळी हा जसा दिव्यांचा सण आहे, तसा तो हिशेबाचाही सण आहे.

प्रश्न मोठा असला तरी त्याचे एक टोक आपल्या न्हाणीघरातच सापडते. आमच्या शेजारच्या घरी गेल्या वर्षी कपडे धुण्याचे यंत्र आले. त्याला हळदकुंकू लागले, पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींनी धुणेभांडी करणाऱ्या बाईंना सांगितले, “आता धुणं असं काही उरलंच नाही. तेव्हा पुढच्या महिन्यापासून भांड्यांचेच पैसे देईन. कपडे तेवढे यंत्रात टाकायचे आणि वाळत घालायचे.” बाई क्षणभर थांबून म्हणाल्या, “वहिनी, कपडे आपटायचा त्रास गेला, हे खरं आहे. पण आता मला दोनदा यावं लागतं. एकदा यंत्र लावायला आणि एकदा वाळत घालायला. मधल्या तासाभरात दुसरं घर धरता येत नाही.”

हा वाद संध्याकाळी ओट्यावर आला. कोणी म्हणाले, काम कमी तर दाम कमी, यात अन्याय कसला? कोणी म्हणाले, बाजारात जो भाव असेल तो द्यावा, अधिक बोलू नये. वहिनींचे म्हणणे सरळ होते : यंत्राला आम्ही पैसे मोजले, विजेचे बिल आम्ही भरतो, मग त्याचा फायदा आम्हीच का घेऊ नये? त्या काही कंजूष नव्हेत. बाईंच्या मुलीच्या पुस्तकांचा खर्च त्यांनीच केला होता. त्यांच्या बोलण्यात न्याय नव्हता असे नाही. तो अर्धा होता इतकेच.

उरलेला अर्धा भाग एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याच्या बोलण्यातून बाहेर आला. हे गृहस्थ आधी वहिनींच्याच बाजूने बोलत होते. मी त्यांना त्यांच्या नोकरीतल्या जुन्या दिवसांबद्दल विचारले. ते खुलले. सहामाही आली की खात्यांवरच्या व्याजाची आकारणी हाताने करावी लागे, रात्री उशिरापर्यंत खातेवह्या उघड्या असत, एका पैशाचा फरक सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे. पुढे संगणक आले आणि तेच काम पाहता पाहता होऊ लागले. मी म्हटले, “म्हणजे काम कमी झाले. मग तुमचा पगारही कमी झाला असेल!” ते हसू लागले. “कमी? अहो, सुरुवातीला संगणकावर बसणाऱ्याला आमच्याकडे वेगळा भत्ता मिळत असे!” हे वाक्य बोलून झाल्यावर मात्र ते थोडा वेळ गप्प राहिले.

माझ्या मते सगळा प्रश्न या दोन वाक्यांच्या मध्ये आहे. आपल्या कामात यंत्र आले की आपण म्हणतो, आता अधिक कौशल्य लागते, पगार वाढवा. दुसऱ्याच्या कामात यंत्र आले की आपण म्हणतो, आता श्रम कमी झाले, पैसे कमी घ्या. एकाच यंत्राला आपण दोन मापे लावतो. वाण्याने घ्यायचे माप एक आणि द्यायचे माप दुसरे ठेवले तर आपण त्याला लबाड म्हणतो.

मुळात आपण मोल देतो ते कशाचे? वेळेचे म्हणावे, तर डॉक्टर पाच मिनिटे नाडी पाहून जे पैसे घेतात त्याला कोणी हरकत घेत नाही, परंतु मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा दहा मिनिटांत बिघाड काढतो, तेव्हा “एवढ्याशा कामाला इतके पैसे?” असे आपण म्हणतोच. त्या दहा मिनिटांच्या मागे त्याने पाच-सहा वर्षे डोळे फोडलेले असतात. तोच पोरगा दोन तास खटपट करीत बसला असता, तर आपण खुशीने पैसे दिले असते. म्हणजे आपण त्याच्याकडून कसब नको, घाम मागतो. श्रमाचे मोल म्हणावे, तर उन्हात डांबर ओतणाऱ्याला सर्वांत अधिक मिळायला हवे होते. गरजेचे म्हणावे, तर पाच मुलांच्या बापाला बिनमुलाच्या माणसापेक्षा अधिक द्यावे लागेल. खरे पाहता प्रत्येक मजुरीत या चारही गोष्टींचा थोडा थोडा अंश असतो : वेळ, घाम, कसब आणि गरज. अन्याय होतो तो, आपला पगार ठरवताना आपण कसब आणि गरज मोजतो आणि बाईंचा ठरवताना फक्त घाम मोजतो, म्हणून. आणि घाम ही एकच गोष्ट अशी आहे की जी यंत्रामुळे नक्की कमी होते.

यंत्राने वाचवलेला वेळ आपोआप कष्टकऱ्याच्या वाट्याला येतो, असा एक भाबडा समज आहे. दिवाळी आहे म्हणून दिव्याचेच उदाहरण घेऊ. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याचा उद्योग मांडला. सुरुवातीच्या गिरण्या सूर्याच्या घड्याळावर चालत. उजाडले की भोंगा आणि अंधारले की सुट्टी. दिवस मोठा असला तर कामही मोठे, पण रात्र तरी कामगाराची स्वतःची होती. आठवड्याची सुट्टीही फुकट मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून त्यासाठी सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढे 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. केवढे मोठे शास्त्र, केवढी मोठी सोय! परंतु त्या दिव्यांनी कामगाराच्या घरात उजेड पडला नाही. गिरणीतला उजेड वाढला आणि दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. ज्या दिव्याने अंधार दूर व्हायचा, त्याने माणसाची झोप दूर केली.

पुढचा इतिहास मला अधिक बोधप्रद वाटतो. गाऱ्हाणी वाढली, 1908 साली आयोगाचा अहवाल आला, आणि 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचे काम दिवसाला 12 तासांवर आणले. 1922 साली ते 11 तास झाले, 1934 साली 10. केंद्र सरकारात मजूर खात्याची धुरा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे असताना 1946 साली कायदा पुन्हा सुधारला गेला आणि आठवड्याचे काम 48 तासांवर आले. चाळीस वर्षे दिवा तोच होता. तारा त्याच होत्या. बदलला तो माणसामाणसांतला नियम. पूर्वी ज्या दिव्याने तास वाढवले, त्याच दिव्याखाली पुढे तास कमी झाले. तेव्हा यंत्र चांगले की वाईट, या वादात मला फारसा रस वाटत नाही. यंत्राभोवती बसलेली माणसे आपसांत काय ठरवतात, हा खरा प्रश्न आहे.

हे ठरवणे किती सूक्ष्म गोष्टींवर अवलंबून असते, त्याचे एक उदाहरण ऐकण्यासारखे आहे. मागाच्या धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून बाहेर काढावा लागतो. जुन्या धोट्यात विणकर तो तोंडाने ओढून घेत. आता यात धर्माचा वा जातीचा काय संबंध? परंतु गिरणीतल्या विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळे, आणि नेमक्या त्याच खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरू दिले जात नसे. कारण एकाने ओठ लावलेला धागा दुसऱ्याला चालत नसे. त्यांना सूत काढण्याच्या खात्यात, कमी मजुरीवर, राहावे लागे. डॉ. आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. इतके मोठे वाफेचे आणि विजेचे कारखाने उभारले गेले. पण एखाद्या माणसाला किती मजुरी मिळावी, हे शेवटी एका बोटभर भोकाने आणि हजारो वर्षांच्या विटाळाने ठरवले.

तो 1928 चा संपही यंत्र आणि मजुरी यांच्या याच वादातून पेटला होता. मालकांचे म्हणणे असे की, दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने आता तीन सांभाळावेत. सूत चांगले देऊ, पैसेही थोडे अधिक देऊ. वरकरणी यात गैर काय? पण काळ-काम-वेगाचे गणित येणाऱ्या कोणालाही पुढची पायरी दिसेल. तिघे विणकर मिळून सहा माग चालवीत होते. तेच सहा माग आता दोघे चालवणार. मग तिसऱ्याने कोठे जावे? सुमारे दीड लाख कामगार सहा महिन्यांच्या आसपास कामाबाहेर राहिले, ते मुख्यतः या तिसऱ्या माणसासाठी. ज्याला थोडे अधिक मिळणार होते, तोही त्याच्याबरोबर उपाशी राहिला. संपातल्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असे नव्हे. परंतु आपला फायदा होत असताना शेजाऱ्याच्या घरची चूल दिसावी, हे मला फार मोठे वाटते.

यंत्राचे मालक आपणच असलो तर प्रश्न सुटेल, असेही कोणी म्हणेल. महात्मा गांधी यंत्रांचे मोठे टीकाकार. पण 1924 साली एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राला त्यातून वगळले होते. बायकोचे टाके घालण्याचे कष्ट पाहून प्रेमापोटी ते यंत्र घडवले गेले, असे त्यांना वाटे. शिवणयंत्र घराघरांत आले, कित्येक विधवांचे संसार त्याने तारले, हे खरेच. पण आमच्या गल्लीत एक बाई ठेकेदाराचे परकर शिवतात, नगावर. पायाने यंत्र चालवून त्यांचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी हप्त्याने पैसे भरून यंत्राला मोटर बसवली. मोटर त्यांची, वीज त्यांची. दिवसाला अधिक परकर होऊ लागले. दोन महिन्यांनी ठेकेदाराने नगाचा दर उतरवला. म्हणाला, “आता लवकर होतं ना तुमचं?” आज त्या अधिक परकर शिवतात आणि जवळजवळ पूर्वीइतकेच मिळवतात. यंत्र मालकीचे असूनही वाचलेला वेळ त्यांच्या हाती राहिला नाही, कारण दर ठरवण्याच्या जागी त्या बसलेल्या नव्हत्या.

याच्या शेजारी गिरगावातल्या सात बायकांची गोष्ट ठेवून पाहा. 15 मार्च 1959 रोजी त्यांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या लिज्जतच्या संस्थेत आज हजारो बायका आहेत. तेथेही मजुरी कामाच्या मापावरच मिळते, परकराच्या नगासारखीच. फरक असा की लाटणारी बाई तेथे नोकर नसून भागीदार आहे. तिला बहीण म्हणतात, आणि नफ्यातोट्यात तिचा वाटा असतो. एकाच शहरात, एकाच प्रकारच्या गरजेतून आलेल्या दोन बायका. एकीने वेळ वाचवला तर तो ठेकेदाराचा होतो. दुसरीने वाचवला तर तो काही अंशी तिचा राहतो. यंत्राची मालकी जितकी महत्त्वाची, तितकीच दर ठरवणाऱ्या बैठकीतली जागाही महत्त्वाची आहे.

आज हीच गोष्ट आपल्या दाराशी रोज घंटा वाजवते. मोबाइलवर बोट टेकवले की तेल, रवा, वेलदोडे काही वेळात दारात हजर. चकलीची भाजणी कमी पडली म्हणून आता कोणाला पिशवी घेऊन धावावे लागत नाही. आपला अर्धा तास वाचला, हे निश्चित. तो पोरगा मात्र दुचाकी स्वतःची आणतो, पेट्रोल स्वतःचे घालतो, मोबाइलही स्वतःचा वापरतो, आणि पुढची वर्दी येईपर्यंत दुकानाबाहेर उभा राहतो. त्या उभे राहण्याचे सहसा कोणी पैसे देत नाही. परकर शिवणाऱ्या बाईची मोटर आणि याची दुचाकी एकाच जातीची. धुणेवाल्या बाईंचा मधला तास आणि याचे उभे राहणे हेही एकाच जातीचे. नव्या यंत्रांनी श्रमाचा काळ कमी केला, पण वाट पाहण्याचा काळ वाढवला. आणि वाट पाहण्याला अजून कोणी काम मानीत नाही. अशा कामगारांचे नाव 2020 च्या सामाजिक सुरक्षेच्या संहितेत प्रथम आले, 2023 साली राजस्थानने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. ही सुरुवात चांगली आहे. पण 1890 ते 1946 हा प्रवास आठवला की, सुरुवात म्हणजे काय याची कल्पना येते.

कधी कधी वाचलेले काम नाहीसे होतच नाही. ते फक्त गुपचूप दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. पूर्वी मी कादंबरी हाताने लिहून देत असे. छापखान्यात जुळारी खिळे जुळवीत, आणि माझे कोंबडीचे पाय वाचता वाचता लेखकापेक्षा अधिक मराठी शिकत. खिळे गेले, जुळारी गेले. आता मीच रात्री संगणकावर बसून माझी कादंबरी टंकतो. जुळाऱ्याची मजुरी वाचली. ती ना त्याला मिळाली, ना मला. बँकेत आता आपणच कारकून, स्टेशनवर आपणच तिकीटबाबू. शाळेत मुले जेवायला बसली की मास्तरने आधी ताटे मोजून मोबाइलवर आकडा भरावा लागतो. याबद्दल मी कुरकुर करतो, पण मला निदान महिन्याचा पगार मिळतो. ज्याच्या डोक्यावर असे काम येते आणि पगारही नसतो, त्याने कोणाकडे कुरकुर करावी?

एवढे वाचून कोणाला वाटेल, मास्तरांना पुन्हा जाते आणि पाटा-वरवंटा हवा आहे. मुळीच नाही. जात्यावरच्या गाण्यांचे कौतुक करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पहाटे चारला पायली दळलेली नसते. माझ्या आजीच्या हाताला जात्याच्या खुंट्याने पडलेले घट्टे मी पाहिले आहेत. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली होती. ते यंत्र फार थोड्या यंत्रांपैकी एक, की ज्याने वाचवलेला वेळ खरोखर दळणाऱ्या बाईलाच मिळाला. कारण दळणारी आणि खाणारी एकाच घरात होती. परंतु त्याच वेळी पाट्याला आणि जात्याला टाकी लावणाऱ्या वडारणींची हाक गल्लीतून बंद झाली. आजीला मिळालेला आराम खरा होता, आणि त्या बाईची बुडालेली भाकरीही खरी होती. एकीचा आराम थांबवणे हा दुसरीवरचा उपाय नव्हे. पण ज्या गावाने आराम घेतला, त्याने त्या बाईचे पुढे काय झाले हे विचारायला हवे होते. असे प्रश्न एकट्या घराला झेपत नाहीत, हे मी जाणतो. तेथे कायदा लागतो, सरकार लागते, संघटना लागते. एका घराने मिक्सर घेणे थांबवून टाकीवाली जगत नाही.

परंतु घराला झेपेल असे बरेच काही उरते. शेजारच्या वहिनींनी शेवटी काय केले ते सांगतो. त्यांनी बाईंचे पैसे कमी केले नाहीत. सकाळी चहा टाकताना त्या स्वतःच यंत्र लावतात. बाई येतात तेव्हा कपडे तयार असतात. भांडी घासून, कपडे वाळत घालून त्या एकदाच जातात. म्हणजे यंत्राने वाचवलेल्या वेळेतला थोडा वहिनींना मिळाला आणि थोडा बाईंना. पूर्वीच्या दुसऱ्या फेरीच्या वेळात बाईंनी आणखी एक घर धरले आहे. यात वहिनींनी दान केले नाही. त्यांनी फक्त बाईंचा मधला तास मोजला, आणि मोजल्याबरोबर तो त्यांना दिसू लागला. आपल्याकडे 2008 साली घरेलू कामगारांसाठी कल्याणकारी मंडळाचा कायदा झाला आहे. तरी कोणत्या घरी किती पैसे द्यायचे, हे बहुधा दाराच्या आतच ठरते. दाराच्या आत न्याय करणारे आपणच असतो, आणि एका बाजूचे पक्षकारही आपणच.

म्हणून मी मनाशी एक साधी कसोटी ठरवली आहे. कोणाच्याही कामाचे पैसे ठरवताना जे कारण आपण देतो, तेच कारण उद्या आपल्या मुख्याध्यापकांनी, आपल्या साहेबांनी आपल्याला दिले तर पटेल का? “आता काम सोपे झाले आहे, पगार कमी घ्या,” हे मला पटणार नाही. “तुम्ही वाट पाहत होतात, काम करीत नव्हतात,” हे मला पटणार नाही. “दुसरा कोणी याहून कमी पैशांत यायला तयार आहे,” हे तर मुळीच पटणार नाही. त्यावर मी म्हणेन की, तो तयार आहे याचा अर्थ ते योग्य आहे असा नव्हे, तो अडला आहे एवढाच. जे मला पटणार नाही, ते मी दुसऱ्याला ऐकवू नये. यंत्र ज्याने विकत घेतले त्याला त्याच्या पैशांचा मोबदला मिळावा, हे रास्त आहे. पण ज्याचे हात त्या यंत्राबरोबर चालतात, त्यालाही वाचलेल्या वेळेतला वाटा मिळावा : कधी पैशाच्या रूपाने, कधी सुट्टीच्या, कधी नुसते लवकर घरी जाता येण्याच्या रूपाने. निदान यंत्र आले म्हणून त्याच्या ताटातले कमी होऊ नये, इतके तरी.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी आपल्या वह्यांची पूजा करतात. जुने खाते मिटते, नव्या वहीच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले जाते. आपल्या घरी दुकान नसले तरी वही असावी. त्या संध्याकाळी पाच मिनिटे बसून आपल्या घरातल्या यंत्रांची यादी करावी : कपड्यांचे, वाटणाचे, पाण्याचे, मोबाइलचे. प्रत्येकापुढे लिहावे की याने गेल्या वर्षात किती वेळ वाचवला, आणि तो कोणाकडे गेला. बहुतेक ओळींत आपलेच नाव येईल. आनंदाने यावे, सण आहे. एखाद्या ओळीत बाईंचे, इस्त्रीवाल्याचे, सामान आणणाऱ्या पोराचे नाव लिहिता आले नाही, तर ती जागा रिकामी ठेवावी, आणि पाडव्याला त्यांचे पैसे हातावर ठेवताना ती ओळ आठवावी.